न दिसणाऱ्या गोळ्याचा आकार

प्रश्न : सर, माझी भाची इथे सयाजीराव विद्यापीठात एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प अणुकेंद्रकांच्या बदलत्या आकारावर आहे आणि सगळं काम संगणकावर. आमच्या पुस्तकात तर केंद्रक म्हणजे गोळा! जे दिसत नाही त्याचा आकार गणिताने कसा काढतात? आणि तो खरा कशावरून?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : गोळा फळ्यावर काढायला सोपा, म्हणून पुस्तकांत टिकला. केंद्रक हा द्रवाचा थेंब मानला तर तो गोल राहणार हे खरंच. पण प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांत, म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक थरांत, बसतात, आणि कवच अर्धवट भरलं असेल तर त्यातले कण आतल्या गाभ्यालाही ताणून लांबट करतात. 1950 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रेनवॉटर यांनी हे मांडलं, ऑगे बोर आणि मॉटेलसन यांनी तडीस नेलं. तिघांना 1975 चं नोबेल मिळालं.

भाची बहुधा हेच करत असेल : गोल, लांबट, चपटा असे आकार धरायचे, प्रत्येकाची ऊर्जा काढायची आणि ती सर्वांत कमी कुठे होते ते बघायचं. कधी असे कमी ऊर्जेचे एकाहून जास्त तळ सापडतात. शिसे-186 मध्ये (186 ही प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या) तर गोल, लांबट, चपटा हे तिन्ही आकार जवळजवळच्या ऊर्जांना आढळले आहेत.

आता खरं कशावरून? एकरंगी, गुळगुळीत चेंडू फिरवला तर फिरला की नाही कळत नाही. पुंजभौतिकीत (क्वांटम भौतिकीत) तर अशा गोल केंद्रकाला फिरण्याच्या ऊर्जापातळ्याच नसतात, लांबट केंद्रकाला असतात. त्या गॅमा किरणांवरून मोजता येतात. फिरकी म्हणजे केंद्रक किती फिरतं याचं पुंजभौतिकीतलं माप. फिरकी 4 च्या पातळीची ऊर्जा भागिले फिरकी 2 च्या पातळीची : पक्क्या लांबट केंद्रकात उत्तर 20/6, म्हणजे 3.33, गोल राहून नुसत्या थरथरणाऱ्यात 2 च्या आसपास.

सॅमेरियम-150 घ्या. फिरकी 2 आणि 4 च्या पातळ्या 334 आणि 773 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), भागाकार 2.3. दोनच न्यूट्रॉन वाढवून सॅमेरियम-152 केलं की पातळ्या 122 आणि 366, भागाकार थेट 3! एवढ्या मोठ्या केंद्रकात दोन कणांनी इतका फरक पडावा, याचं मला अजून नवल वाटतं.

कोणत्या आकाराला किती ऊर्जा हे दाखवणाऱ्या संगणकी रंगीत नकाशांवर मी पटकन भाळत नाही. तुम्हीही भाचीला आधी हा भागाकार विचारा, आणि न्यूट्रॉन 88 चे 90 होताना (म्हणजे सॅमेरियम-150 वरून 152 वर जाताना) तिच्या गणितात अशी उडी दिसते का, तेही.