पहिली टाळी कोणाची?

प्रश्न : मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. ‘द बॉईज’ या मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग मी नुकताच कॉलेजात शिकणाऱ्या मुलासोबत आणि त्याच्या मित्रांसोबत पाहिला. होमलँडर हा सुपरहिरो भर गर्दीत एका माणसाला ठार मारतो आणि जमलेले लोक जल्लोष करतात, तेव्हा आमच्या हॉलमध्येही दोन मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला ते फार लागले. अशा माणसाला मालिका नायक करून ठेवत असेल, तर तिला उपहासात्मक कसे म्हणायचे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली अस्वस्थता मला समजते, जुलै २०२२ मध्ये तो भाग आला, त्या रात्री मलाही बराच वेळ झोप लागली नव्हती. तरीही मालिका त्याला नायक करते, असे मला वाटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच दृश्यात आहे.

होमलँडर आपल्या मुलाला, रायनला, समर्थकांसमोर आणतो. विरोधकांपैकी एक जण रायनच्या अंगावर काहीतरी भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी होमलँडरच्या डोळ्यांतले किरण त्या माणसाच्या डोक्याच्या चिंधड्या उडवतात. मग सगळीकडे शांतता पसरते. त्या शांततेत अँटनी स्टार या अभिनेत्याचा चेहरा पाहावा : तिथे माज नाही, आता सगळे संपले अशी धास्ती आहे. तेवढ्यात गर्दीतला टॉड आनंदाने ओरडतो, त्याच्यामागून सारी गर्दी ओरडू लागते आणि होमलँडरचा चेहरा हळूहळू खुलतो. हा टॉड कोणी खलपुरुष नाही. तो होमलँडरविरुद्ध लढणाऱ्या टोळीतल्या मदर्स मिल्क या माणसाच्या मुलीचा सावत्र बाप, चारचौघांसारखा संसारी माणूस आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये याच होमलँडरने आपल्याविरुद्ध घोषणा देणाऱ्या गर्दीला किरणांनी कापून काढले होते, पण ते केवळ मनातल्या मनात. लोकांचे प्रेम गमावण्याच्या भीतीने त्याचा हात तेव्हा आवरला गेला होता. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती भीती टॉडच्या आरोळीने फिटते, म्हणून त्या भागातला खरा आरोपी मला व्यासपीठावर दिसत नाही, तो गर्दीत दिसतो. गडकरी रंगायतनमध्ये आपण कितीदा पाहिले असेल की वाक्य पडते, क्षणभर कोणालाच काही ठरवता येत नाही, मागच्या रांगेतून एक टाळी येते आणि मग सगळे सभागृह वाजू लागते. तिथे त्या टाळीने कोणाचे नुकसान होत नाही.

आपली तक्रार एका ठिकाणी मात्र मला पूर्ण मान्य आहे. निर्माते एरिक क्रिपकी यांच्या या मालिकेत फुटणारी डोकी आणि उडणारे रक्त अनेकदा निव्वळ गंमत म्हणून येते, आणि तीन सीझन त्यावर हसायला शिकलेल्या मुलांनी शेवटच्या भागात त्याच सवयीने टाळ्या वाजवल्या, तर सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

मुलांना रागावू नका. ते दृश्य त्यांच्यासोबत पुन्हा लावा, शांतता पसरते तिथे थांबवा आणि त्यांची टाळी टॉडच्या आधी पडली होती की नंतर, एवढेच विचारा. त्यानंतर पुढे सरकून रायनचा चेहरा दाखवा. बापाने माणूस मारल्यावर लोक खूश होतात, हे तो पोरगा पाहतो आणि हळूच हसतो.