सलोख्यावर सह्या होत नाहीत

प्रश्न असा आला आहे: ‘शेजारी प्रदेशांनी सलोख्यावर सह्या केल्या’ हे बरोबर का? आणि संवाद, चर्चा, वाटाघाटी यांत फरक काय?

बरोबर नाही. हल्ली बातम्यांत रोज कानावर आदळतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. सह्या कागदावर, तहावर होतात. सलोखा होतो, नांदतो, राखावा लागतो, बिघडतो.

कारण शब्दाच्या पोटातच आहे. सलोखा म्हणजे अरबी ‘सुलह’ (समेट) असं छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. अर्थ जुळला की व्युत्पत्ती सापडली, अशी त्यांची समजूत. पण सुलहच्या धातूतून मराठीत आलेले दोन शब्द आपण रोज वापरतो: सल्ला (मूळ सलाह) आणि मसलत (मूळ मसलहत). दोन्हींत ‘ह’ गळाला, ‘ख’ कुठेही झाला नाही. मग सलोख्यातच का व्हावा? उलट शेवटच्या ‘क’चा ‘ख’ करायची खोड मराठीला आहेच. पोशाकचा पोशाख, मुल्कचा मुलूख, तसाच सुलूकचा सलूख. जुन्या पत्रांतला हा सलूखच पुढे सलोखा झाला.

सुलूक म्हणजे वागणूक. मुळात वाटेनं चालणं. सूफींचा ‘सालिक’ म्हणजे वाटसरू. त्याच धातूतला ‘सिल्क’ म्हणजे दोरा, आणि आजच्या अरबीत तारसुद्धा! आता १९६३ ची वॉशिंग्टन–मॉस्को हॉटलाइन आठवा, संकटात दोन्ही राजधान्यांनी एकमेकींना थेट निरोप धाडण्यासाठीची. तो लाल टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे ओढलेली तार. याहून अस्सल सलोखा कोणता? (जुळणी माझी आहे, कोशात शोधू नका.)

सलोखा म्हणजे वागणूक, हे १९७५ च्या हेलसिंकी दस्तऐवजात, म्हणजे शीतयुद्धातल्या दोन्ही गटांनी युरोपच्या सुरक्षेसाठी केलेल्या समझोत्यात, लख्ख दिसतं. ३५ देशांच्या सह्या, पण कायद्यानं तो तह नव्हेच. त्यात वागण्याचे नियम होते: २५,००० हून जास्त सैनिकांचा सराव असेल तर २१ दिवस आधी कळवा. सराव पाहायला दुसऱ्या देशांचे निरीक्षक बोलवायचे की नाही, हे मात्र यजमानाच्या मर्जीवर. विश्वास तिथेच अडला. १९८६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत ही मर्यादा १३,००० वर आली, सूचना ४२ दिवसांची झाली आणि जागेवरची तपासणी नाकारायची सोय काढून टाकली. तरी पळवाट उरलीच. अचानक पुकारलेल्या सरावाला पूर्वसूचनेतून सूट होती, आणि मोठ्या सरावाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेखाली दाखवता येतो. कागदावर सगळं नियमात, सलोखा मात्र गेला.

तेव्हा ‘तहावर सह्या झाल्या, सलोखा अजून व्हायचा आहे’ असं लिहा.

राहिला दुसरा प्रश्न. वाटाघाटींत देणंघेणं ठरतं, चर्चेत फक्त विषयाचा कीस पडतो. संवादात उत्तर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून व्यासपीठावरून एकट्यानं ठोकलेल्या भाषणाला ‘संवाद साधला’ म्हणू नये.