मुलांवर उपचार सुरू करण्याआधी

पारंपरिक औषधोपचारांचा कोर्स संपला, आता लहान मुलंही उपचाराला घेऊ का, असं विचारलंस. इतक्यात नको. आधी काही महिने एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत नुसती बसून बघ. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे तिथेच कळतं.

पहिलं शीक श्वास मोजायला. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना कपडा वर करायचा, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर आपली औषधं बाजूला ठेव आणि लगेच रुग्णालयात पाठव. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असला तरी तेच. मला हे कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं, याची अजून चीड येते.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, अनुपान म्हणून, म्हणजे औषध ज्यात कालवून देतात त्यातही नाही. बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा धोका असतो. चालू औषधं, लसी यांची नोंद ठेव. आणि लस थांबवा असं कधीही सांगू नकोस.