पुढच्या मार्चचा भाव आत्ताच घ्यावा का?

शनिवारी, 26 एप्रिलला, लंडनजवळच्या सँडाउनच्या रेसनी इंग्लंडमधला 2024-25 चा जंप रेसिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांच्या रेसचा मोसम संपला. आज सोमवार आहे, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच घेऊन उत्तरं लिहायला बसले आहे.

ताई, सँडाउनला जाणार असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतंत. कोण जिंकलं? आणि पुढच्या मोसमासाठी डोक्यात काय ठेवायचं?
(एक वाचक, रेडिंग)

गेले होते, आणि नेहमीप्रमाणे आधी रेसपूर्वी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. माझे वडील महालक्ष्मीच्या तबेल्यांत नालबंद होते. ते म्हणायचे, घोड्याचं तोंड नंतर बघ, आधी चारी पाय कसे टाकतो ते बघ. सत्तावीस वर्षं इंग्लंडात राहूनही ती सवय सुटलेली नाही.

दिवस करड्या घोड्यांचा होता. जवळजवळ दोन मैलांची सेलिब्रेशन चेस (चेस म्हणजे फेन्स या उंच अडथळ्यांवरची रेस) आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांच्या इल एते ताँने जिंकली. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘वेळ आलीच होती’ असा. मागची दोन वर्षं हीच रेस जिंकणारा जोनबन त्याच्यामागे दुसरा आला. जवळपास वर्षभर मैदानाबाहेर असलेला घोडा परत येतो आणि पहिल्याच दिवशी जोनबनसारख्याला मागे टाकतो, ही साधी गोष्ट नाही. सँडाउनला रेल्वे लाइनच्या कडेला तीन फेन्स लागोपाठ येतात. पहिल्या उडीत पाऊल चुकलं की दुसरी आणि तिसरी सावरता सावरत नाही. पुढच्या मार्चच्या, चेल्टनहॅमच्या चॅम्पियन चेससाठी माझ्या वहीत यंदाच्या विजेत्या मरीन नॅशनालच्या खाली हे नाव गेलं आहे.

दुसरा करडा रिस्प्लेंडंट ग्रे. साडेतीन मैलांहून लांब पल्ल्याची बेट थ्री सिक्स्टी फाइव्ह गोल्ड कप त्याने जिंकली. ट्रेनर ऑली मर्फी आणि जॉकी शॉन बोवेन, ज्याला यंदा पहिल्यांदाच चॅम्पियन जॉकीचा किताब मिळाला. ट्रेनरचा किताब मात्र पुन्हा मलिन्सकडेच गेला. तो किताब बक्षिसांच्या रकमेवर ठरतो. इंग्लंडचा ट्रेनर डॅन स्केल्टन मोसमभर पुढे होता, पण एप्रिलच्या ग्रँड नॅशनलमध्ये मलिन्सचे घोडे पहिला, दुसरा आणि तिसरा आले. एकट्या पहिल्या नंबरचं बक्षीस 5 लाख पौंड, त्यामुळे सगळा हिशोबच फिरला. मागच्या वर्षी मलिन्सने हा किताब घेतला तेव्हा आयर्लंडमध्ये राहून तो जिंकणारा तो 1954 च्या व्हिन्सेंट ओब्रायननंतरचा पहिलाच ट्रेनर होता.

स्केल्टनकडे पुढच्या मोसमासाठी द न्यू लायन आहे. एप्रिल 2025 पर्यंत तो हरलेला नव्हता, चेल्टनहॅमला नवख्यांची टर्नर्स हर्डल जिंकून आलाय. अशा घोड्याचं पुढे दोनपैकी एक होतं. एक तर तो हर्डलवरच राहतो, म्हणजे साडेतीन फुटांच्या हलक्या अडथळ्यांवर. नाहीतर त्याला फेन्सवर नेतात, म्हणजे निदान साडेचार फुटांच्या, बर्चच्या काटक्या घट्ट ठासून बांधलेल्या भिंतीवर. हा निर्णय मालक आणि ट्रेनर मिळून घेतात, आणि तोवर त्याच्या नावापुढे छापलेला भाव नेमका कुठल्या रेसचा धरायचा हाच प्रश्न असतो. पुढच्या पत्राचा विषयही तोच आहे.

माझा पुतण्या स्लाउला असतो. पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन हर्डलसाठी कॉन्स्टिट्यूशन हिलवर आत्ताच 200 पौंड लावतो म्हणतो. “काकू, भाव आत्ताच चांगला आहे, हिवाळ्यात पडेल.” लावू द्यावे का?
(एक वाचक, पुणे)

नको, ताई. त्याला माझं नाव सांगा आणि हे वाचून दाखवा.

11 मार्चला चॅम्पियन हर्डलच्या वेळी मी चेल्टनहॅमला शेवटच्या हर्डलच्या जवळ उभी होते. सात घोडे होते. कॉन्स्टिट्यूशन हिलचा भाव एकास दोन, म्हणजे दोन पौंड लावा आणि एक कमवा. तीन वेळा धावला तर दोनदा जिंकेल, असं बाजार म्हणत होता. 2023 मध्ये हीच रेस त्याने नऊ लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) जिंकली होती, त्यामुळे असं म्हणण्याला कारणही होतं. तो वाटेतच पडला. मग मागच्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन एकटा पुढे निघाला. माझ्या समोरून तो उडीला आला तेव्हा मागचे घोडे इतके लांब होते की माझ्या शेजारचे गृहस्थ खिशातून पावती काढायला लागले होते. पुढचे पाय हर्डलला लागले, लाकडाचा खाडकन आवाज झाला आणि घोडा खाली. हजारो माणसांचा आवाज एकाएकी बंद झाला. स्टेट मॅन उठला, लगाम लोंबकळत तसाच पळत गेला आणि मागून येऊन गोल्डन एस ही घोडी जिंकली. भाव पंचवीसला एक. पुढच्याच महिन्यात एंट्री (Aintree) या मैदानावर कॉन्स्टिट्यूशन हिल पुन्हा पडला.

घोडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याइतका वेगवान हर्डलर मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण लागोपाठ दोनदा पडलेल्या घोड्यावर अकरा महिने आधी 200 पौंड लावणं म्हणजे त्याचे पाय, त्याचं मन आणि ट्रेनरचा बेत, या तिन्हींवर एकाच वेळी पैसे लावणं. यातलं एक जरी बिघडलं आणि घोडा रेसला आलाच नाही, तरी पैसे गेले. इथे अँटी-पोस्ट बेट म्हणतात ते हेच. आगाऊ लावलेले पैसे घोडा धावला नाही म्हणून परत मिळत नाहीत.

याचं यंदाचंच उदाहरण देते. आयनोदवेयुरथिंकिन. (घोड्याच्या नावाला मोकळ्या जागा धरून अठराच अक्षरं चालतात, म्हणून अख्खं वाक्य असं एकात एक चेपून बसवलंय.) ग्रँड नॅशनलच्या आगाऊ भावात तो फेव्हरिट होता. मग मालकाने 25 हजार पौंड जादा भरून ऐन वेळी त्याला चेल्टनहॅम गोल्ड कपात घातलं. तिथे त्याने सलग दोन वर्षं जिंकलेल्या गॅलोपाँ दे शाँला हरवलं आणि त्यानंतर त्याला नॅशनलमधून काढून घेतलं. ज्यांनी नॅशनलसाठी त्याच्यावर महिनोन्‌महिने आधी पैसे लावले होते, त्यांचा अंदाज घोड्याबाबत शंभर टक्के खरा ठरला आणि हातात छदामही आला नाही.

लोक तरी आगाऊ का लावतात, तेही मला कळतं. महालक्ष्मीला फ्लॅट रेस. तिथला चांगला घोडा तीन-चार वर्षांचा असताना डर्बी धावतो आणि थोड्याच काळात मैदान सोडून पैदाशीसाठी स्टडवर जातो. जंपचा घोडा बहुतेक वेळा खच्ची केलेला, त्यामुळे स्टडचा प्रश्नच नाही. सात, आठ, नऊ वर्षांचा होईपर्यंत दर हिवाळ्यात तो परत येतो आणि घरचाच होऊन जातो. आपल्या माणसावर पैसे लावावेत तसे लोक त्याच्यावर लावतात.

पुतण्याला सांगा, नवीन वर्ष लागल्यावर मार्च जवळ आला की बुकी ‘नॉन-रनर नो बेट’ सुरू करतात. त्यात घोडा धावला नाही तर पैसे परत. भाव थोडा कमी मिळेल, मिळू दे. तोपर्यंत 26 डिसेंबरच्या केम्प्टनला आणि फेब्रुवारीतल्या लेपर्डस्टाउनला हे घोडे उडी कशी मारतात ते त्याने बघावं. आणि 200 नव्हेच. गेले तर त्या महिन्याच्या किराण्याला धक्का लागणार नाही एवढेच.

इंग्लंडच्या बुकीकडे नाशिकहून खातं उघडता येईल का? तुम्ही ओळख काढून द्याल का?
(एक वाचक, नाशिक)

नाही देणार, काका. लॉटरी आणि स्वीपस्टेकसाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे. दुसऱ्याच्या नावाने खातं चालवणं तर सरळ फसवणूक होईल. मोसमात महालक्ष्मीला किंवा पुण्याला जा, तिकीट काढा, टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्याच बेटिंगच्या खिडकीवर, कायदेशीर लावा. तिथे पूर्ण रकमेवर जीएसटी बसतो (एप्रिल 2025 मध्ये तो 28 टक्के होता), तोही आधी हिशोबात धरा. इंग्लंडच्या रेस नुसत्या बघायला काहीच हरकत नाही. मी स्वतः दहातल्या आठ रेस नुसत्याच बघते.

मुलगी बर्मिंगहॅमला असते. ग्रँड नॅशनलला तिने निक रॉकेटवर “पाच पौंड ईच-वे” लावले आणि भरपूर मिळाले म्हणते. पाच लावले की दहा? आणि मिळतात किती?
(एक वाचक, दादर)

दहा. ईच-वे म्हणजे दोन बेट, पाच पौंड ‘विन’वर आणि पाच ‘प्लेस’वर. निक रॉकेट 33 ला एक या भावाने जिंकला. विनचे 165 अधिक तिचे स्वतःचे 5, झाले 170. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला (म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात त्या रेसला) प्लेसचा रिवाज असा की पहिल्या चारात आलात की भावाच्या पाव पट. 33 चा पाव सव्वाआठ. म्हणजे 41.25 अधिक 5, एकूण 46.25. दोन्ही मिळून 216 पौंड 25 पेन्स. तोच घोडा चौथा आला असता तर विनचे पाच गेले असते, पण 46.25 हातात पडले असते. नॅशनलला बरेच बुकी चारापेक्षा जास्त प्लेस देतात आणि पट थोडी कमी करतात, म्हणून तिच्या पावतीवरचा आकडा इकडे-तिकडे असू शकतो.

नॅशनलसारख्या रेसला मी स्वतः ईच-वेच लावते. सव्वाचार मैलांहून जास्त, तीस उड्या, चौतीस घोडे. वर सगळ्यांत चांगल्या घोड्याच्या पाठीवर सगळ्यांत जास्त वजन. यंदा दुसऱ्या आलेल्या आय अॅम मॅक्सिमसने जवळपास 75 किलो वाहिले.

मुलीला एक गोष्ट मात्र सांगा. निक रॉकेटच्या मालकाच्या पत्नीने हा घोडा पहिल्यांदा धावताना पाहिला आणि काही दिवसांतच त्या कॅन्सरने गेल्या. नॅशनलला त्याच्यावर जॉकी होता ट्रेनरचा मुलगा पॅट्रिक मलिन्स, हौशी जॉकी. रेसनंतर वडिलांना कॅमेऱ्यासमोर बोलता येत नव्हतं. मी घरी टीव्हीसमोर होते आणि माझंही तेच झालं होतं.

मी 11 वर्षांची आहे. बाबांबरोबर नॅशनल बघितली. घोडा पडल्यावर हिरवा पडदा लावला. तो मेला म्हणून लावतात का?
(एक वाचक, लेस्टर)

बाळा, नेहमी नाही. पशुवैद्याला शांतपणे काम करता यावं आणि गर्दीने टक लावून बघू नये म्हणून पडदा लावतात. यंदा ब्रॉडवे बॉय सगळ्यांच्या पुढे होता आणि दुसऱ्या फेरीत फार वाईट पडला. मलाही वाटलं, संपलं. पण तो वाचला.

सेलेब्र दालें नावाचा तेरा वर्षांचा घोडा मात्र वाचला नाही. तो पडला नव्हता. तो थकला होता, शेवटची उडी झाल्यावर कोसळला. डॉक्टरांनी त्याला उभं केलं, पण मंगळवारी तो गेला. त्याच्यात धावण्याची ताकद उरली नव्हती तरी पळवत ठेवलं, म्हणून त्याच्या जॉकीला दहा दिवसांची बंदी झाली. मला ती बंदी योग्य वाटली. घोडा “थांबूया” म्हणू शकत नाही, ते पाठीवरच्या माणसाला कळायला हवं.

लोकांनी मागणी लावून धरली म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत. 2024 पासून चाळीसऐवजी चौतीसच घोडे सोडतात. पहिली फेन्स सुरुवातीच्या जवळ आणली, म्हणजे तिथे पोचेपर्यंत घोडे फार वेगात नसतात. आणि एक गंमत तुला आवडेल. फेन्सवरच्या खुणेच्या पट्ट्या पूर्वी नारिंगी असायच्या. आपल्याला नारिंगी लांबून दिसतो, पण घोड्याला नारिंगी आणि हिरवा जवळजवळ सारखेच दिसतात. हे तपासून पाहिल्यावर त्या पट्ट्या पांढऱ्या केल्या. पुढच्या वेळी टीव्हीवर नीट बघ, उडीच्या पायथ्याशी पांढरी पट्टी दिसेल. घोडा त्या पट्टीकडे बघून पाय उचलतो.