हायस्कूलमध्ये मागे पडणाऱ्या मुलाला शिक्षक नेमकी काय मदत करू शकतात?

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो वेळेवर दिलेल्या नेमक्या शेऱ्याचा: काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करून पाहायचं. शिक्षण-संशोधक पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की, अशा चालू मूल्यमापनाने, म्हणजे शिकत असतानाच काम तपासून काय सुधारायचं ते सांगण्याने, शिकणं सुधारतं आणि कच्च्या मुलांना त्याचा विशेष फायदा होतो. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८च्या प्रयोगात तर फक्त शेरे मिळालेली शाळकरी मुलं पुढे गेली; सोबत गुण दिल्यावर तो परिणाम दिसला नाही. म्हणून वही परत देताना आधी शेरा द्या, गुण मागाहून सांगा. मात्र सततची गैरहजेरी, घरची अडचण किंवा दृष्टिदोष असेल, तर नुसत्या शेऱ्यांनी भागत नाही. तिथे पालकांशी आणि समुपदेशकांशी आधी बोलायला हवं.