मेलबर्नच्या कम्युनिटी रेडिओवर जॅझ: कुठून सुरुवात करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कायमच्या व्हिसावर पुण्याहून मेलबर्नला येताय, हार्ड डिस्कवर सहाशे-सातशे जॅझ अल्बम आहेत, शिवाय घरातल्या पंधरा-वीस ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत. इथल्या कम्युनिटी रेडिओवर आठवड्याला दोन तासांचा जॅझचा कार्यक्रम करायचाय. तर अर्ज भारतातूनच पाठवू का?

पाठवू नका. इथली स्टेशनं सभासद आणि स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात, आणि ज्याला स्टेशनात कुणी पाहिलेलंच नाही अशा माणसाचा प्रस्ताव, कितीही चांगला असला तरी, तळाशी जातो. शिवाय मेलबर्नला जॅझची टंचाई नाही. १९७९ पासून चाललेल्या पीबीएस १०६.७ वर जॅझचे कार्यक्रम ठरलेले आहेत, ३एमबीएस १०३.५ हे मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन असलं तरी तिथेही जॅझ लागतं. त्यामुळे ‘मला जॅझची आवड आहे’ हे वाक्य तिथे फारसं कामाचं नाही. तुमच्याकडे असं काय आहे जे आधीच्या मंडळींकडे नाही, ते सांगावं लागेल. त्याकडे येतोच.

आधी स्टेशन निवडा. शहरभर ऐकू येणाऱ्या मोठ्या स्टेशनांवर वेळ मिळायला मोठी रांग असते. उपनगरी स्टेशनांचा टप्पा छोटा, पण दार लवकर उघडतं. अनेक मराठी कुटुंबं पश्चिमेला टार्निट, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात घर घेतात, तिथे ८८.९ विन एफएम आहे. पूर्वेला ईस्टर्न एफएम ९८.१, दक्षिणेला सदर्न एफएम ८८.३. घर कुठे घेणार ते ठरल्यावर त्या भागातलं स्टेशन दोन-तीन आठवडे सलग, निरनिराळ्या वेळी ऐका. इंटरनेटवर ऐकू येतात, तेव्हा हे काम मात्र पुण्यात बसून आजच सुरू करा. कोणत्या वारी कोणता कार्यक्रम, कुठे रेकॉर्डेड भरणा चालू आहे, कुठे एकच निवेदक चार तास ओढतोय, याची वही ठेवा. रिकामी जागा अशीच सापडते.

आल्यावर क्रम साधारण असा: सभासदत्व, स्वयंसेवक म्हणून नोंदणी, ओळखसत्र, निवेदकांचं प्रशिक्षण, दुसऱ्याच्या कार्यक्रमात कन्सोलवर (आवाज जुळवण्याच्या पाटीवर) बसणं, मग बदली निवेदक, मग प्रस्ताव. यात सहा महिने सहज जातात, वर्षही लागू शकतं. काही स्टेशनं ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ (मुलांच्या सहवासात काम करण्यासाठीची सरकारी तपासणी) मागतात. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात स्वयंसेवकाला तो मोफत मिळतो, आल्या आल्या काढून ठेवा. सुरुवातीला फोन उचलणं, सीडींची नोंद करणं, निधिसंकलनाच्या आठवड्यात देणगीचे फॉर्म भरणं अशी कामं येतील. पीबीएसचं निधिसंकलन मे महिन्यात असतं, ट्रिपल आर या दुसऱ्या मोठ्या स्टेशनचं ऑगस्टमध्ये. कार्यक्रम ठरवणारी माणसं तेव्हा फोनच्या टेबलावर तुमच्या शेजारी बसलेली असतात. याहून चांगली ओळख होत नाही.

बदली निवेदकाची पहिली पाळी बहुतेकदा रात्री दोन ते सहा अशी मिळते. मेलबर्नच्या ट्रेन आणि ट्राम रात्रभर फक्त शुक्रवारी आणि शनिवारी चालतात. मंगळवारच्या पहाटेची पाळी घेतली तर स्वतःची गाडी हवी, नाहीतर टॅक्सीचं भाडं. होकार देण्याआधी याचा विचार करा, कारण ऐनवेळी न आलेल्या माणसाला पुन्हा बोलावत नाहीत.

प्रस्तावाला एक पान पुरे: कार्यक्रम कुणासाठी, स्टेशनवर आधीच असलेल्या जॅझपेक्षा वेगळा कसा, आणि तीन आठवड्यांच्या पूर्ण गाण्यांच्या याद्या. सोबत पंधरा-वीस मिनिटांचा नमुना. त्यात ट्रॅक पूर्ण वाजवू नका. सुरुवातीची तीस सेकंद आणि शेवटची तीस ठेवा, मधलं कापा. समितीला तुमचं बोलणं ऐकायचं असतं, माइल्स डेव्हिस त्यांनी ऐकलेला आहे.

दोन तासांचा हिशेब आता. तासातली तीन-चार मिनिटं प्रायोजक आणि स्टेशनच्या सूचनांना जातात (कायद्याने प्रायोजकांच्या घोषणा तासाला पाच मिनिटांच्या वर नेता येत नाहीत, आणि सरळ जाहिरात तर चालतच नाही). तुमचं बोलणं आठ मिनिटं धरा. उरली अठ्ठेचाळीस. जॅझचा ट्रॅक सरासरी साडेसहा मिनिटांचा, म्हणजे तासाला सात, दोन तासांना चौदा. सोबत अठरा न्या. त्यातले तीन ट्रॅक तीन मिनिटांच्या आतले हवेत, कारण तास संपताना घड्याळाशी गाठ असते. अनेक स्टेशनं दर तासाला बाहेरून येणाऱ्या बातम्या जोडतात आणि त्या सेकंदावर सुरू होतात. सॅक्सोफोनचा सोलो मध्येच तुटला तर दोष तुमचा. शेवटचा ट्रॅक किती वाजता सुरू झाला पाहिजे हे उलट मोजून कागदावर लिहा.

ऑस्ट्रेलियन संगीताचा वाटा ठरलेला असतो. कम्युनिटी रेडिओच्या आचारसंहितेत सर्वसाधारण स्टेशनांसाठी २५ टक्क्यांचा आकडा रुळलेला आहे, काही स्टेशनं स्वतःहून जास्त मागतात. चौदात चार धरा. हे ओझं समजू नका. सँडी एव्हान्स, पॉल ग्रॅबोव्स्की, अँड्रिया केलर, बर्नी मॅकगॅन ही इथल्या जॅझवाल्यांची नावं भारतात फारशी पोचलेली नाहीत. येण्याआधी ऐकायला लागा. ग्रॅबोव्स्कींनी स्थापन केलेल्या ऑस्ट्रेलियन आर्ट ऑर्केस्ट्राने मृदंगाचे गुरू कारैकुडी मणी यांच्याबरोबर काम केलंय, ते तर तुमच्या कार्यक्रमाला सरळ जोडता येईल. नवं ध्वनिमुद्रण स्टेशनांना ‘ॲमरॅप’ या सेवेतून मोफत मिळतं. ब्रन्सविकमधला ‘जॅझलॅब’ आणि शहरातला ‘पॅरिस कॅट’ इथे महिन्यातून दोनदा जाऊन बसलात तर मुलाखतीला वादकही मिळतात. व्हिक्टोरियातल्याच वांगारट्टा गावचा जॅझ महोत्सव १९९० मध्ये सुरू झाला. तो मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीच्या आसपास भरत आलाय.

जॅझ वाजवताना हमखास होणारी चूक शांततेची आहे. प्रक्षेपणात खंड पडला तर आपोआप दुसरं संगीत सुरू करणारं यंत्र बहुतेक स्टेशनांत असतं. आवाज ठरावीक पातळीखाली वीस-तीस सेकंद राहिला की ते जागं होतं. बासचा एकटा सोलो, ब्रशने वाजवलेले ड्रम, किंवा ‘द नेक्स’ या ऑस्ट्रेलियन त्रिकुटासारख्यांची हळूहळू उगवणारी सुरुवात (त्यांचा एक तुकडा तासभर चालतो) त्याला शांतताच वाटते, आणि बासच्या मधोमध कुठलंतरी पॉप गाणं हवेत जातं. आपल्या स्टेशनचं यंत्र किती सेकंदांनी आणि कोणत्या पातळीला उठतं ते तंत्रज्ञाला विचारून घ्या. अशा जागी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) थोडा वर न्यायचा आणि ड्रम परतायच्या आत खाली आणायचा. त्यासाठी ट्रॅक आधी ऐकलेला हवा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण नेमक्या पहिल्याच दिवशी होतात. सीडी प्लेअर ‘सिंगल’ मोडवर नसेल तर पुढचा ट्रॅक तुमच्या बोलण्याखाली सुरू होतो. लाइव्ह अल्बममध्ये टाळ्यांच्या शेपटीत पुढच्या गाण्याची घोषणा असते, म्हणून टाळ्या चार-पाच सेकंदांत उतरवा. लॅपटॉप चार्जरला लावून हेडफोनच्या भोकातून कन्सोलला जोडला तर पन्नास हर्ट्‌झचा गुंजारव येऊ शकतो. चार्जर काढा किंवा डीआय बॉक्स (मध्ये जोडायची, गुंजारव तोडणारी डबी) मागा. वायफाय आणि सूचनांचे आवाज बंद, नाहीतर आईचा व्हॉट्सॲप कॉल शहरभर वाजेल. माइकपासून बंद मूठ मावेल एवढं अंतर ठेवा आणि तोंड थोडं तिरकं. आपल्या प, फ, ब, भ ने माइकवर आवाज फुटतो.

निवेदनात तीन ट्रॅकनंतर मागे वळून सांगा: कोण, कोणासोबत, कोणत्या साली. साथीदारांतली दोन नावं पुरेत. अख्ख्या बँडची हजेरी घेतली की ऐकणारा स्टेशन बदलतो.

संगीताच्या हक्कांचे पैसे स्टेशन भरतं, ‘ॲपरा ॲमकॉस’ आणि ‘पीपीसीए’ या संस्थांना. वाजवलेल्या प्रत्येक ट्रॅकची नोंद तुम्ही द्यायची. मात्र त्या परवान्यावर पूर्ण गाण्यांसकट पॉडकास्ट काढता येत नाही. घरच्यांसाठी फाइल अपलोड करण्याआधी स्टेशनला विचारा. घरगुती स्ट्रीमिंग खात्यावरून वाजवायला त्या कंपन्यांच्याच अटी आड येतात, तेव्हा स्वतःच्या फाइली लागतील. फ्लॅक किंवा वॅव्ह प्रकारच्या फाइली उत्तम, ३२० किलोबिटचा एमपी३ चालेल. १२८ च्या फाइली आणूच नका. त्यात झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो, आणि प्रक्षेपणाचा कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारं यंत्र) तो दोष आणखी उठवून दाखवतो.

आता तुमच्या तबकड्या. स्टुडिओतले टेक्निक्सचे टर्नटेबल बहुधा ३३ आणि ४५ चेच असतात, आणि एलपीची सुई ७८ च्या खोबणीत तळाला घासते; त्या खोबणीला तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश जाडीच्या टोकाची) सुई लागते. म्हणून पुण्यातच योग्य सुईने डिजिटल करून घ्या. मूळ तबकड्या लाखेच्या, ठिसूळ, तेव्हा हातसामानात उभ्या ठेवून आणा. लाकडी खोक्यात आणल्या तर विमानतळावर ते जाहीर करावं लागतं, आणि भरणीला पेंढा तर अजिबात नको.

तुमचं वेगळेपण याच तबकड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जॅझमध्ये आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्या काळच्या बँडमधून गोव्याचे वादक घडले, मग तेच सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ हा ताजमधला ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांकडे वाजवायचा, आणि ‘अलबेला’त, १९५१ साली, बँडसकट पडद्यावरही दिसला. पुढे सॅक्सोफोनवाला ब्राझ गोन्साल्विस, पियानोवाला लुई बँक्स, १९७८ मध्ये सुरू झालेला ‘जॅझ यात्रा’ महोत्सव. हे इथल्या जॅझवाल्यांनाही नवीन असतं. पण फक्त यावर आठवड्याला दोन तास भरवायला जाऊ नका; ध्वनिमुद्रणं मोजकी आहेत, तिसऱ्या महिन्यात पुनरावृत्ती सुरू होईल. दर आठवड्याला वीस मिनिटांचा ठरलेला भाग ठेवा, बाकी वेळ मेलबर्न आणि जग. प्रस्तावात पहिल्या ओळीत मात्र तोच भाग लिहा.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला इथल्या मूळ रहिवाशांचा, वुरुंडजेरी वगैरे कुलिन समाजांचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. उच्चार स्टेशनात विचारून पाठ करा, कागदावरून अडखळत वाचू नका.

पुण्यात ऐकणाऱ्यांना वेळ कळवताना दोन वेळापत्रकं द्या. इथले रात्रीचे दहा म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेचार.

आणि हेडफोन स्वतःचा आणा, बंद कपांचा, सोबत जाड जॅकचा ६.३५ मिलिमीटरचा ॲडॉप्टर. स्टुडिओतला ॲडॉप्टर नेहमी कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेला असतो.