बाळ जन्मण्याआधीच त्याच्या जनुकांत बदल करणं नैतिक आहे का?

आजच्या घडीला माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रुग्णाच्या शरीरातल्या पेशींत केलेला बदल त्याच्यापुरताच राहतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या अशा उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, ती मला मनापासून स्वागतार्ह वाटते. भ्रूणातला बदल मात्र पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो.

चीनमधल्या ‘हे जियानकुई’ या शास्त्रज्ञाचं प्रकरण बघा. त्याने क्रिस्पर हे जनुकं कापून बदलण्याचं तंत्र वापरून भ्रूणांतलं सीसीआर५ हे जनुक (एचआयव्ही सहसा याच्याच आधारे पेशींत शिरतो) बदललं आणि २०१८ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या. कारण काय, तर वडील एचआयव्हीबाधित. पण वीर्य धुऊन, म्हणजे त्यातले शुक्राणू वेगळे करून, संसर्ग टाळायची पद्धत आधीपासूनच होती, आणि याच प्रयोगात ती वापरलीही होती! मग जनुकाला हात लावायची गरजच काय होती? त्यातही एका मुलीत जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बदलली, म्हणजे संरक्षणही अर्धवट. शिवाय सीसीआर५ निकामी असेल तर डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचा आजार बळावण्याचा धोका वाढतो. या शास्त्रज्ञाला ३ वर्षांची कैद झाली, ती भोगून तो सुटला. मुलींना मात्र हा बदल जन्मभर वागवायचा आहे.

आनुवंशिक आजार टाळायला बहुतेक जोडप्यांना आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी तंत्रात) तपासून निरोगी भ्रूण निवडता येतो. आई-वडील दोघांनाही सिकलसेलसारखा एकच आजार असेल, तर तोही मार्ग बंद होतो. अशा मोजक्या जोडप्यांसाठी प्रयोगशाळेतलं संशोधन जरूर चालू राहावं.